डाव्या बाजूची करकर

प्रिय नलू,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकतो. माझी तब्येत ठीक आहे, गाय ठीक आहे, तुझ्या कढीपत्त्याला मी रोज पाणी घालतो. फोनवर मी 'जेवलीस का' विचारतो, तू 'हं' म्हणतेस, आणि मग आपण दोघंही दुसऱ्यानं फोन ठेवायची वाट बघतो. त्यापेक्षा कागद बरा, त्यावर तुला मध्येच 'ठेवते' म्हणता येत नाही. आईंचा हात बरा झाला असेल. झालाच आहे, तुझा भाऊ वर्ध्याच्या बाजारात भेटला, म्हणाला, आई पुन्हा स्वतः भाकरी थापतात. इथे शेजारच्या कोकिळाबाई विचारतात, "नलूताई कई येऊन राह्यल्या?" मी अजून आईंच्या हाताचंच सांगतो. एखाद्याचा हात किती दिवस मोडलेला ठेवायचा, तूच सांग.

गाडीला एक नवीनच खोड लागली आहे. मागे मी समुद्रपूरला सूनबाईच्या माहेरी गेलो होतो, वर्षालीच्या वडिलांनी बोलावलं होतं. कशाला, ते पुढे लिहितो. हिंगणघाट सोडलं आणि प्रत्येक गतिरोधकावर डाव्या पुढच्या चाकाकडून करकर यायला लागली, तेल न घातलेल्या झोपाळ्यासारखी. तिथपर्यंत आणि परत सेलूपर्यंत तिनं माझं डोकं उठवलं. दुसऱ्या दिवशी दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. मग वाटलं, समोरच्या खणात काही हलत असेल, म्हणून तो रिकामा केला. तुझा कंगवा निघाला, आवळा सुपारीच्या पुड्या निघाल्या, आणि नीलेशचा काळा चष्मा. कंगवा घरात आणला. चष्मा होता तिथेच ठेवला.

मग वर्ध्याला प्रेमदासच्या गॅरेजमध्ये गेलो. त्यानं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून गाडी खालीवर हलवली, चाकाखाली वाकून बघितलं, आणि माझ्या शेजारी बसून चक्कर मारली. एकाही गतिरोधकावर आवाज आला नाही. त्याला सोडून निघालो, तर पहिल्याच गतिरोधकावर करकर. परत फिरलो, तो परत बसला, गाडी परत शहाणी. असं झाल्यावर तो म्हणाला, "काका, मी बसलो का चूप बसते अन् तुमी एकटे असले का बोलते. मले वाटते आवाज तुमच्या कानातच हाय." मला राग आला. तू असतीस तर त्याची बाजू घेतली असतीस, हेही माहीत आहे.

उलगडा झाला तो गायीमुळे. सेलूच्या बाजारातून सरकी ढेपेचं पोतं आणायचं होतं. डिकीत सिलिंडर होता, म्हणून पोतं पुढे तुझ्या जागेवर ठेवलं, पडू नये म्हणून पट्टाही लावला. घरापर्यंत गाडीनं चकार शब्द काढला नाही. पोतं उतरवलं आणि नुसता कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, तर करकर सुरू. प्रेमदासला सांगितलं तेव्हा त्याला पटलं. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या टोकाशी एक रबर असतं, बुश म्हणतात त्याला. ते झिजलं होतं. त्या बाजूला वजन असलं की दबून राहायचं, सीट रिकामी असली की घासायचं.

बुश एका दिवसात झिजत नाही, असं तो म्हणाला, कित्येक वर्षांपासून झिजत आलं असेल. मग मला आधी कसं ऐकू आलं नाही? एकट्यासाठी मी गाडी कधी काढलीच नाही, एकट्याला स्कूटर होती. गाडी घेतली तेव्हा पूजेला केळझरच्या गणपतीला नेली, तू चाकाखाली लिंबू ठेवलंस आणि येऊन पुढे बसलीस. नीलेश शाळेत होता, पुढे बसायचं म्हणून तो देवळापासून घरापर्यंत रुसून आला, पण तू काही जागा सोडली नाहीस. नंतर तो गाडी चालवायला लागला, तेव्हाही तू पुढेच आणि मी मागे. मागच्या वर्षी त्याची कावीळ बिघडली आणि आपण त्याला सेवाग्रामला नेलं, तेव्हा तेवढी एकदा तू मागे बसलीस, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. त्या दिवशीही गाडी करकरली असेल. आपण ऐकलं नाही.

नवीन बुश बसवलं. परत येताना गाडी अगदी गप्प होती. बरं वाटायला हवं होतं, पण मला भीती वाटली, की रिकाम्या सीटची अशीच सवय होऊन जाईल. पवनारच्या पुलापाशी गाडी बाजूला घेतली आणि रडलो. तेराव्याला तू मला म्हणाली होतीस, "तुमाले रडू बी येत नाई का?" येतं, नलू.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वर्षालीला स्थळ आलं आहे. मुलगा हिंगणघाटला शिक्षक आहे, त्याचीही बायको वारलेली. तो तिला पसंत आहे, हे तिनं न सांगता मला कळलं. पण ती होकार देत नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, आईनं येऊन माही ओटी भरली तं मी हो म्हणीन. नाई तं मी हाय तशी बरी हाओ." तिच्या मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरा गेलेल्या पोरीची ओटी भरत नाहीत, हे तिला माहीत नाही असं नाही. तिला ती तुझ्याच हातून हवी आहे. तिला हो म्हटलं की आपला मुलगा पुन्हा एकदा जातो, हे मला कळतं. पण तिचं वय काय गं, तिला आपल्यासोबत किती दिवस बसवून ठेवायचं? रविवारी सकाळी मी पुलगावला येतो. घरी न्यायला येत नाही, संध्याकाळी तुला आईंकडे परत सोडीन. फक्त माझ्याबरोबर समुद्रपूरला चल. तो गेल्यापासून आपण दोघांनी एकमेकांसमोर त्याचं नाव घेतलेलं नाही. तिला आशीर्वाद द्यायचा तर तिथे ते घ्यावं लागेल, आणि एकट्यानं मला ते जमणार नाही.

तुझाच,
ओमप्रकाश