आमच्या इमारतीने वाचवलेली वीज

३ मार्च, सोमवार
एका कप चहाची खरी किंमत आज मनातल्या मनात काढली. विषय होता, पाच विभागांनी पाच किटल्या ठेवायच्या की सगळ्यांत मिळून एक. त्यासाठी नऊ प्राध्यापक, अख्खी दुपार, दोन एसी, एक प्रोजेक्टर (लावला, वापरला नाही) आणि कागद कसा वाचवावा या टिपणाच्या चाळीस प्रती. ठरलं काय, तर उपसमिती नेमायची. दरम्यान चहा आला तो बाहेरून, स्कूटरवरून, कागदी कपांत. कोमट.

एवढ्या विजेत माझ्या कारखान्यात पंख्यांचा एक ट्रक भरून निघाला असता.

म्हणूनच विद्यापीठाने मला बोलावलंय. पंखे दुरुस्तीच्या गाळ्यापासून कारखान्यापर्यंत गेलेला माणूस लागतो अशा कामाला. शाश्वतता केंद्राचा प्रमुख, एक वर्ष, चाचणी म्हणून. चाचणी माझी नाही, त्यांची आहे.

५ मार्च
डीनने खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं. मेअखेर समिती येणार. इमारतीची वीज डोळ्यांत भरेल इतकी कमी दिसली तर केंद्र कायम, माझा कोर्स कायम, केंद्रातल्या संशोधक मुलीची फेलोशिपही पुढे चालू. नाहीतर सगळी इमारत परीक्षा विभागाला. बाहेर आलो तर परीक्षा विभागाचे साहेब माझ्या खोलीत टेप धरून उभे. सहज मोजतोय म्हणाले.

संकल्प: (१) सगळ्या एसींचे रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये. (२) एसीऐवजी पंखे. (३) रोज पायी येणे.

६ मार्च
पायी निघालो. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली.

पंखे लावता येत नाहीत. खोटं छत आहे, हूकच नाही. आयुष्यभर पंखे विकले आणि बसायला मिळाली ती बिनपंख्याची इमारत. खिडक्या उघडू म्हटलं, तर त्या उघडायच्या नाहीतच, नुसत्या बघायच्या.

रिमोट मात्र गोळा केले. अर्थशास्त्राच्या बाईंनी आपला रिमोट देताना विचारलं, आमचं डोकं गरम झालं तर कुठे अर्ज करायचा. छान विनोदी आहेत बाई.

११ मार्च
'शाश्वत' म्हणजे काय, यावर संयुक्त बैठक. इंजिनिअर म्हणाला, जे मोजता येतं ते. बाई म्हणाल्या, जे परवडतं ते. मानसशास्त्राचे सर म्हणाले, सवय. साहित्याचे सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, असं काही नसतंच. मी माझी व्याख्या सांगितली: बटण बंद करा. कोणी लिहून घेतली नाही. मोठ्या गोष्टी लक्षातच राहतात.

बैठक लवकर संपली. उकडत होतं.

१८ मार्च
स्क्रीन बसला. पोर्चमध्ये, दारासारखा मोठा. वाचलेली वीज दिवसरात्र आकड्यांत दिसणार, हिरव्या अक्षरांत. डीनला म्हटलं, हा स्क्रीन म्हणजे केंद्राचा प्राण आहे, हा कधी बंद होणार नाही. टाळ्या झाल्या. माझ्या आधी इथे प्रबंध लिहिले गेले, वीज कोणी वाचवली नाही.

केंद्रातली एकुलती एक संशोधक मुलगी हुशार आहे, पण प्रत्येक वाक्य 'पण सर'ने सुरू करते. मी मनात तिला तेच नाव ठेवलंय. पण सर म्हणाली, पण सर, स्क्रीनची वीज कुठल्या खात्यात धरायची. म्हटलं, जाहिरात खात्यात.

२ एप्रिल
आकडा चढतोय. माणसं सुधारतात, सांगणारा हवा.

माझे कान तिखट आहेत, दाराबाहेरचं सगळं ऐकू येतं. आज साहित्याचे सर इंजिनिअरला म्हणाले, चला, जाऊ तिकडेच, इथे भट्टी झालीय. भट्टी म्हणजे काम जोरात आहे. कारखान्यातही असंच म्हणायचे.

९ एप्रिल
कॉरिडॉरमध्ये शुकशुकाट. एकाग्रता वाढलीय. समोरच्या लायब्ररीतल्या लायब्रेरियन बाई भेटल्या, खुशीत होत्या. म्हणाल्या, वाचक एवढे वाढलेत की खुर्च्या मागवाव्या लागल्या, सगळी तुमची कृपा. म्हटलं, एकदा शाश्वततेची लाट आली की माणूस पुस्तकाकडे वळतोच. त्या हसायच्या थांबेचनात.

१६ एप्रिल
आजचं लेक्चर जमलं. विषय: हिशेबाचं कुंपण. सांगितलं की आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात ढकलला म्हणजे घर स्वच्छ होत नाही, हिशेब करताना दोन्ही अंगणं धरायची. पोरं हसली. तेवढं हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही, पण माझी शैलीच तशी आहे.

शेवटी एकीने विचारलं, पुढचा क्लास लायब्ररीतल्या चर्चेच्या खोलीत घेता का, सर. तत्त्व म्हणून नाही म्हटलं.

२३ एप्रिल
क्लासला दोघं. त्यातला एक दुसऱ्याला बोलवायला आला होता.

पण सर म्हणाली, पण सर, लायब्ररीचा मीटरही धरू या का, तुम्हीच त्या दिवशी शिकवलंत. म्हटलं, बाळ, लायब्ररी हा आपला विषय नाही, फोकस ठेव. ती बरं म्हणाली. तिचं बरं मला आवडत नाही.

४ मे, रविवार
बायकोला स्क्रीन दाखवायला घेऊन गेलो. पोर्चमध्ये पदराने वारा घेत उभी राहिली. म्हणाली, अहो, आकडा छान आहे, पण आत कोणी असतं का. म्हटलं, आज रविवार. तर म्हणाली, खुर्च्यांवर धूळ रविवारची नाही दिसत. आणि घरचा गीझर सकाळपासून चालू ठेवून आलात, तेही सांगून ठेवते. माहेरी सगळे असेच तिरकस बोलतात.

१५ मे
इमारतीची वीज जवळजवळ निम्म्यावर. निम्म्यावर! एवढं तर मीही धरलं नव्हतं. समितीसमोरचं भाषण लिहून काढलं. पहिलं वाक्य: माणूस बदलतो, यंत्र नाही. भाषण लिहायला घरी आलो होतो. ऑफिसात कागद हाताला चिकटतो.

परीक्षा विभागाचे साहेब पुन्हा येऊन गेले. पडदे कुठल्या रंगाचे शोभतील म्हणून विचारत होते. म्हटलं, साहेब, स्वप्नं बघा.

२७ मे, मंगळवार. रात्री.
सगळं सविस्तर लिहायला हवं.

समिती आली. तिघं. अध्यक्ष धिप्पाड, कोटात. स्क्रीन पाहून खूश झाले. मग आत आलो. पहिल्या मजल्यावर त्यांनी कोट काढला, दुसऱ्यावर टाय सैल केला, तिसऱ्यावर माझ्या अहवालाने वारा घ्यायला लागले. अहवाल जाड केला होता, वारा चांगला लागला. म्हणाले, वीज दिसली, माणसं दाखवा. म्हटलं, सगळे फील्डवर्कला गेलेत. साहित्य विभागही का, विचारलं.

तेवढ्यात त्यांना घेरी आल्यासारखं झालं. पण सर म्हणाली, पण सर, समोर लायब्ररीत गार आहे. माझ्या आधी समिती निघाली.

लायब्ररीत खिडकीकडच्या मोठ्या टेबलाशी माझे पाचही विभाग बसले होते. मध्ये एक किटली, सगळ्यांत मिळून एकच. अर्थशास्त्राच्या बाई आणि इंजिनिअर एकाच कागदावर भांडत होते. साहित्याचे सर दोघांचं भांडण सोप्या भाषेत लिहून घेत होते. माझे विद्यार्थी आजूबाजूला. बाई मला म्हणाल्या, या, बसा, तुमच्यामुळेच जमलो. अध्यक्षांनी खुर्ची ओढली आणि दोन तास उठले नाहीत. आंतरविद्याशाखीय काम असं प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहिलं म्हणाले.

हा माझ्याच योजनेचा भाग होता, असं सांगायला तोंड उघडलं. पण सरने त्याआधी लॅपटॉप उघडला होता. त्यात दोन रेघा. एक आमच्या इमारतीची, खाली जाणारी. दुसरी लायब्ररीची. पोरगी कधीपासून दुसरा मीटर लिहून ठेवत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, पण सर, दोन्ही अंगणं धरायची ना.

धरायची, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

६ जून
निकाल. कोर्स कायम, लायब्ररीतल्या टेबलावर, पाचही विभाग मिळून शिकवणार. पण सरची फेलोशिप दोन वर्षं वाढली, विषय: वीज गेली कुठे. मार्गदर्शक अर्थशास्त्राच्या बाई. केंद्राची इमारत परीक्षा विभागाला. रिमोट मी स्वतः नेऊन दिले. साहेबांनी माझ्यासमोर सगळे एसी लावून पाहिले. पडदे मोरपंखी आहेत.

मला टेबलाच्या कडेला खुर्ची मिळालीय, सल्लागार म्हणून. शेवटी मी सगळ्यांना एका टेबलावर आणलं, हे कोणी नाकारू शकत नाही.

९ जून
लायब्ररीत बसून लिहितोय. उद्यापासून स्वेटर आणणे.

पण सरने दोन्ही मीटरची बेरीज करून दिली. आमच्या इमारतीत जेवढी कमी झाली तेवढीच इथे वाढली. वर थोडी जास्त दिसते, ती स्क्रीनची.