आज जरा चिवट झालीय

३ नोव्हेंबर, सोमवार

काल व्याही आणि विहीणबाई जेवायला होते. कोळंबी होती. मी सगळ्यांसमोर फक्त एवढंच म्हणालो की आज जरा चिवट झालीय. टीका नव्हे, निरीक्षण. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दोष दिसला की तोंडातून निघतोच.

आज सकाळी चहा गाळता गाळता बायको शांतपणे म्हणाली, अहो, यापुढे या घरात कोळंबी तुम्हीच करायची. मी हात लावणार नाही.

रागावलेली वाटली नाही, दमलेली वाटली. बिचारीला विश्रांती हवी आहे हे मी लगेच ओळखलं आणि होकार दिला. ताबडतोब व्याह्यांना फोन लावून सोळा तारखेच्या रविवारी पुन्हा जेवायला बोलावलं. करणार कोण, ते सांगितलं नाही. आधी तारीफ ऐकायची, मग नाव सांगायचं.

काल चिवट का झाली याचाही विचार केला. पानं घेतल्याची हाक तीनदा मारली होती, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा व्याह्यांना चौकातल्या टॉवरच्या घड्याळाची गोष्ट सांगत होतो. (बंद पडलेलं घड्याळ, आत कबुतराचं घरटं, एका हाताने दांडा धरून लोंबकळणारा मी.) अशी गोष्ट मध्येच तोडता येत नाही; तिसऱ्या हाकेला मात्र तोडावीच लागली. तोवर कढई गॅसवर होती म्हणे. पण त्याचा इथे काही संबंध नाही. कोळंबीच निबर असणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक मुलगी तीन मिनिटांत कोळंबी शिजवते. तीन मिनिटांत चहासुद्धा नीट होत नाही. हल्ली सगळ्यांनाच घाई.

माझा निष्कर्ष: कोळंबी म्हणजे एक यंत्र. वर कवच, खाली पाय, पाठीत एक काळा दोरा. उघडायचं, साफ करायचं. शिजवणं हे त्यातलं किरकोळ काम.

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला सॉरी म्हणून टाका, स्वस्तात सुटाल. म्हटलं, सॉरी कशाबद्दल, मी तिला सुट्टी दिली आहे. पलीकडून बराच वेळ नुसता खिदळल्यासारखा आवाज येत राहिला. नेटवर्क वाईट आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्या रंगीत तालीम, म्हणून मासळीबाजारात गेलो. मासेवाली म्हणाली, काका, साफ करून देऊ का? म्हटलं, नको, बारीक कामाचा हात आहे माझा. म्हणाली, काकूंना बरं नाही का? म्हटलं, ठणठणीत आहेत, आराम करतायत. तिने शेजारच्या मासेवालीकडे पाहिलं. दोघींनाही असा नवरा पाहायची सवय नसावी.

९ नोव्हेंबर, रविवार

तालीम झाली. पाव किलो कोळंबी.

डोळ्याला पट्ट्याचं भिंग लावलं, हातात दुकानातला जुना चिमटा. एकेक कोळंबी ट्रेमध्ये मांडून पाठीवर चीर दिली आणि काळा दोरा अख्खा बाहेर काढला, एकदाही न तुटता. लेडीज घड्याळाची स्प्रिंग काढल्याचं समाधान मिळालं. बायको एकदा ओट्याशी येऊन पाहून गेली. म्हणाली, ऑपरेशन आहे की स्वयंपाक? मान वर केली नाही. एकाग्रता.

पॅनमध्ये कोळंबी टाकली आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमन, हातात बंद पडलेलं गजराचं घड्याळ. दोन मिनिटं दारातच बोललो. ओघात टॉवरचा विषय निघाला. (या वेळी कबुतरं तीन. पोस्टमनांना एका कबुतराचं काही वाटत नाही.)

परत आलो तर कोळंबी शर्टाच्या बटणाएवढी झालेली. पॅन पातळ आहे. पातळ पॅन दगा देतोच.

बायकोने अंडी उकडून खाल्ली आणि स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत बसली. तिने विचारलं, कशी झालीय? म्हटलं, दमदार. जबडा अजून दुखतो आहे. या वयात तोही व्यायाम हवाच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जाड बुडाचा नवा पॅन आणला. बायको म्हणाली, मी इतकी वर्षं जुन्यातच करत होते. म्हटलं, म्हणूनच. तिने जुना पॅन पुसून जागेवर ठेवला. पटलं असावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

उद्याची तयारी पूर्ण. लसूण सोलला. चिमटा उकळून घेतला. भिंग पुसलं.

बायको म्हणाली, एकच सांगू? रंग बदलून वळली की लगेच उतरवायची. ती कुणासाठी थांबत नाही. मग माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिली. म्हटलं, घड्याळवाल्याला वेळ शिकवतेस?

खरं सांगायचं तर हे दोन आठवडे घर जरा ओकंओकं वाटलं. तिच्या कोळंबीचा वास जिन्यापर्यंत यायचा. उद्या माझ्या कोळंबीचा येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

एक किलो. पहाटेच बसलो.

थोड्या वेळाने: सोललेल्यांचा ढीग जेमतेम अर्धा दिसतो. मासेवालीने फसवलं. की कवचालाच एवढं वजन असतं? बायकोला विचारणार नाही.

त्यानंतर: ती विचारून गेली, आज जेवायचं ना?

तोच दिवस, संध्याकाळ

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

मंडळी आली तेव्हा पॅन तापला होता. बायको बाहेर त्यांच्याशी बोलत बसली. लसूण टाकला, कोळंबी टाकली. रंग चढला. सगळ्या एकदम वळल्या, अगदी तिच्या वळतात तशा. वासही तोच. क्षणभर मलाच खरं वाटेना.

तेवढ्यात बाहेरून व्याह्यांचा आवाज. त्या टॉवरच्या घड्याळाचं पुढे काय झालं हो? त्या दिवशी अर्धवट राहिलं.

माणूस आपण होऊन विचारतो आहे. गॅस बारीक केला (ही माझी दूरदृष्टी) आणि दोन मिनिटांसाठी बाहेर गेलो. कबुतरं उडाली, शिडी सरकली, मी लोंबकळलो. बायको एकदा म्हणाली, अहो, वास येतोय. म्हटलं, येणारच. ती जागची उठली नाही. हात लावणार नाही म्हणाली होती, शब्दाची पक्की.

पानं वाढली. व्याह्यांनी एक तोंडात टाकली आणि चावत राहिले. आम्ही सगळेच चावत राहिलो. शेवटी व्याही बायकोकडे वळून अगदी हळुवारपणे म्हणाले, वहिनी, आज जरा चिवट झालीय, नाही का?

बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात दोन होत्या. गिळता येईनात, बोलता येईना. शिवाय आधी तारीफ मग नाव असं ठरलं होतं. तारीफच नाही तर नाव कसलं?

ती म्हणाली, हो, आज माझं जरा लक्ष नव्हतं.

विहीणबाईंना जोराचा ठसका लागला. मी पाणी पुढे केलं. निघताना व्याह्यांनी माझा खांदा थोपटला. कपाळाकडे पाहून थोपटला. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मग तोंड धुवायला गेलो. आरशात पाहिलं. भिंग कपाळावर चढवलेलं तसंच होतं, आणि काचेला कोळंबीची एक लांब मिशी चिकटलेली.

म्हणजे गोष्ट सांगताना होतं. पानावर बसलो तेव्हा होतं. मी पाणी पुढे केलं तेव्हाही होतं.

बायकोला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, मला वाटलं गोष्टीत लागतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

समझोता झाला. तिच्या अटी: साफ तुम्ही करायची, आणि एका हाकेत यायचं. नवा पॅन माळ्यावर गेला.

पोस्टमन गजराचं घड्याळ न्यायला आले. विषय निघालाच. टॉवरवर चढलो, घरटं दिसलं, शिडी सरकली, तेवढ्यात आतून हाक आली. एकच.

उठलो.

पोस्टमन म्हणाले, अहो, पण पुढे? म्हटलं, काडीकचरा काढला, घड्याळ चाललं. या, जेवायला बसा.

गोष्ट तशी एवढीच आहे.