मंतरलेलं पाणी

३ मार्च
पोचले बाई एकदाची सुरिनला, सायबुआमावशीकडे! खोली झकास आहे. खिडकी घट्ट लागते. पोटातल्या नळीतून डायलिसिसचं पाणी भरताना मला वारा चालत नाही. ओसरीवर रेशमाच्या अळ्या दिवसभर पाला कुरतडत असतात. जेवताना मावशीने कोशातले तळलेले किडे पुढे सरकवले न् म्हणाली, खा गं दुआनपेन, नुसती काडी झालीयेस, वाऱ्याने उडशील. खूप हसले.

९ मार्च
मावशीने विहारातून भन्तेंनी मंतरलेलं पाणी आणलं न् माझ्या नळीच्या तोंडाला लावलं. नर्सबाईंनी बजावलंय, तिथे साधं पाणी लागता कामा नये. पण जिने आसरा दिला तिचा हात कसा झटकायचा? आमच्यात थोरांना नको म्हणत नाहीत. दोन्ही हात जोडले न् लावू दिलं.

२ एप्रिल
पोटातून निघालेलं पाणी आज पेजेसारखं गढूळ. अंगात ताप. हॉस्पिटलात म्हणाले, पोटाच्या अस्तराला जंतुसंसर्ग झालाय. नळीला काही लावलंस का, असंही विचारलं. मी म्हटलं, नाही. मूर्ख मी!

११ जून
पुन्हा गढूळ. पुन्हा इंजेक्शनं. मावशी म्हणते, पाणी कमी पडलं गं पोरी. आता सकाळ-संध्याकाळ लावते.

२३ ऑगस्ट
पोट टणक झालंय. दोन घास गेले की उलटी. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. अस्तर जाड होऊन आतड्यांभोवती पांढरा पापुद्रा आवळत चाललाय. नळी सोमवारी काढणार. तोवर पुन्हा संसर्ग झाला तर वाचवणं कठीण. नळीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

रविवार
मावशी ओसरीवर कोश उकळतेय. पांढरे, गच्च गुंडाळलेले, आत जीव — नाही बघवत. भीती वाटते. बसवत नाही, झोपवत नाही. आज सांगणारच. मावशी, नको. दोनच तर शब्द. आरशासमोर म्हणून पाहिले, जमले.

संध्याकाळ
मावशीने भन्तेंनाच घरी आणलंय. माझ्यासाठी. शेजारणी गोळा झाल्यात — मंतरलेल्या पाण्याने मोठा वाडगा भरलाय — मावशी रडतेय, माझं लेकरू वाचू दे म्हणतेय —

सांगते. आत्ता सांगते.

आत आली. डोळे पुसतेय, हसतेय. म्हणते, वही ठेव पोरी, हात जोड.

मावशी, न