ओढ्यापर्यंतची फेरी

आई, तुला अक्षरओळख नव्हती. तू असतीस तर हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतंस, आणि त्या भीतीनं मी ते लिहिलंच नसतं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की धीर होतो. नातीला सातवा लागलाय, सांगलीला माझ्याकडे आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं, दम लागेल इतकं नाही, बोलता बोलता जमेल इतकंच. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. 'बसून ऱ्हायलीस तर बाळतपण जड जातं,' हे तू कुठं शिकली होतीस कोण जाणे.

लढाईची वर्षं होती ती. तुझे जावई पलटणीबरोबर समुद्रापार गेलेले आणि मी पहिलटकरीण म्हणून विट्याजवळच्या आपल्या गावी आलेली. उन्हं उतरली की तू मला चालायला बाहेर काढायचीस. आधी चावडीवरून, देवळावरून, माणसांत बोलत-थांबत जायचो. मग एका दिवसापासून तू वाट बदललीस. परड्यातून निघायचं, उसाच्या बांधानं ओढ्यापर्यंत जायचं आणि तसंच मागं फिरायचं. "गावातनं का न्हाई?" म्हटलं की म्हणायचीस, "तिकडं लय दगडं हाईत. पाय घसरला म्हंजी?" माझा हात इतका घट्ट धरायचीस की बांगड्या रुतायच्या. साताऱ्याकडून सासऱ्यांचा माणूस येऊन जावई गेल्याचं सांगून गेला होता, ते तू पोटात ठेवलंस. बाळ सुखरूप होईपर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही, असं घरोघरी जाऊन साऱ्या गावाकडून कबूल करून घेतलंस.

गाव खरंच गप्प राहिलं. एकदा बांधावर थोरली काकू भेटली, डोक्यावर गवताचा भारा. मी पाया पडायला वाकले. तिचा आशीर्वाद ठरलेला असायचा, "जल्मसावित्री हो." त्या दिवशी तिनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखानं सुटका हूं दे, बाय." एवढंच. खोटा आशीर्वाद द्यायला तिची जीभ वळली नाही. तू लगबगीनं म्हणालीस, "चल, उन्हं गेली. वाईच पाय उचल." मी पाय उचलला. बाळ पोटात लाथा मारत होतं आणि मला कळलं होतं की त्याला आता बाप नाही.

तुला वाटलं, मला समजलं नाही. मी वाटू दिलं. विचारलं असतं तर तुला खोटं बोलता आलं नसतं, आणि त्याच संध्याकाळी कुंकू पुसावं लागलं असतं. मला ते नको होतं. अजून थोडे दिवस त्यांची बायको राहायचं होतं. म्हणून आपण दोघी रोज चालत राहिलो. तू डोळे पुसून "केर गेला" म्हणायचीस आणि मी "फुंकर घालू का?" विचारायचे.

मुलगी झाली, सुटका सोपी झाली. मग सासरे आले ते अंगणातच उभे राहिले. "आवं विहीणबाई, आमचा पोरगा गेला आन् तुमी सुनंला कुंकू लावून फिरवलंसा? त्याचं सुतक तरी पाळू द्यायचं हुतं." तू पदर तोंडाशी धरून म्हणालीस, "चुकी माजी हाय. तिला कायबी ठावं नव्हतं." सगळे माझ्याकडे बघत होते. मी मोठ्यानं रडले आणि म्हणाले, "आई, तू मला फसवलंस." रडणं तेवढं खरं होतं.

त्यानंतर भावकीनं तुला कुठल्या कार्यात पुढं बोलावलं नाही. पोटच्या पोरीला फसवणारी म्हणून तुझं नाव झालं. मी शिकून मास्तरीण झाले, शेवटी तुझ्या तोंडात पाणी घातलं, तेव्हाही बोलले नाही.

काल नात माझा हात धरून चालत होती. आईकडून ऐकलेली ही गोष्ट तिनं काढली आणि विचारलं, "आजी, पणजीनं तुला खरंच काही कळू दिलं नव्हतं?" रस्त्यावर आम्ही दोघीच होतो, भिण्यासारखं आता कुणी उरलेलं नाही. तरी मी म्हणाले, "नाही गं. काहीच नाही."