दर मंगळवारी आईला बाजारात कोणी न्यायचे, याबद्दल

मी, रिस्पर आवुओर ओगादा, वय बासष्ट, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, राहणार मन्याट्टा, किसुमू, आज राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आई शेजारच्या खोलीतून दर पाच मिनिटांनी हाका मारते आहे, ते कायद्याने दडपण धरत असतील तर तेवढे वगळावे.

कारण असे की येत्या गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टरांनी सगळे नीट समजावून सांगितले, म्हणूनच हे लिहायला बसले. आईला मी दात काढायला जाते असे सांगितले आहे. हे वाचणाऱ्यानेही तेच सांगावे.

कलम १. यापूर्वी लिहिलेले सर्व कागद रद्द. विशेषतः बिस्किटाच्या डब्यातला तो एक कागद, ज्यात मी सगळे काही चर्चला देऊन टाकले होते. तो आईशी भांडण झाल्यावर लिहिला होता आणि त्याला काही अर्थ नाही.

कलम २. घर. मन्याट्टातले दोन खोल्यांचे घर व त्याखालची जागा माझ्या स्वकष्टाची आहे. ही स्थावर मिळकत माझी भाची लवेंडा हिला द्यावी. अट एकच. माझी आई तुर्फेना आलूच, वय सत्याऐंशी, जिवंत असेपर्यंत पुढच्या खोलीत खिडकीपाशी राहील, आणि लवेंडा तिला दर मंगळवारी किबुये बाजारात जुन्या कपड्यांच्या ओळीत घेऊन जाईल. पाऊस असला तरी. दर मंगळवारी म्हणजे दर मंगळवारी. लवेंडाला "मावशी, पुढच्या आठवड्यात नेते ना" असे म्हणायची सवय आहे. तीन मंगळवार चुकले तर घरावरचा तिचा हक्क संपेल आणि घर चर्चला जाईल. मी गंमत करत नाही.

कसे न्यायचे तेही लिहिते, कारण मला हे शिकायला नऊ वर्षे लागली. सातच्या आत पोचायचे. जुने कपडे विकणाऱ्या सायप्रोझच्या फळीवर कपड्यांची गासडी कापतात तेव्हा आई पुढे असली पाहिजे. उशीर झाला तर चांगला माल इतर बायका उचलतात आणि आई दिवसभर तुझ्याकडे असे बघते की चोरी तूच केलीस. मटाटूत ड्रायव्हरशेजारची जागा मागायची. तिचे लाकडी स्टूल आणि उकडलेले शेंगदाणे बरोबर घ्यायचे. तिने हातात घेतलेल्या कपड्याला "छान आहे" कधीही म्हणायचे नाही, म्हटले की ती तो खाली टाकते. ती भाव न पटून निघून जायला लागली तर थांबवायचे नाही, ती तीनदा निघून जाते आणि तीनदा परत येते. मध्येच "आई, उन्हं झाली" म्हटलेस तर पहिल्यापासून सुरुवात.

कलम ३. माझा भाऊ झाबलोन. याला वडिलांचा रेडिओ द्यावा. चालत नाही. त्यानेच बिघडवला होता.

झाबलोनचे म्हणणे असे की आईने गावी, अलेगोला, त्याच्या घरी राहावे. सुनेच्या हातचे खाऊन सुखात राहील म्हणतो. मागच्या नाताळात तो तिच्यासाठी दुकानातून दोन कोरे झगे घेऊन आला आणि माझ्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "रिस्पर, या वयात तिला बाजारात हिंडवतेस? लोक काय म्हणतील? परक्यांनी टाकलेले कपडे उपसत बसते म्हातारी. तिला आता कपडे लागतात तरी कशाला?"

आई आतून म्हणाली, "मरायला लागतात. तुला कळायचं नाही."

ते दोन कोरे झगे तिने दुसऱ्याच दिवशी चर्चच्या पोत्यात स्वतःच्या हाताने घातले. आयुष्यात तिने आपणहून दान केलेले कपडे तेवढेच.

मला कुठे पुरायचे हे झाबलोन ठरवील, ते मला माहीत आहे. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या मुलीला बापाच्या कुंपणाच्या आत जागा नसते, बाहेर असते. ठीक आहे. बाहेर पुरावे. पण रस्त्याच्या बाजूला पुरावे, गोठ्याच्या मागे नाही. आणि माझ्या तपकिरी पोशाखात, ज्याला मी दोन्ही बाजूंना खिसे शिवले आहेत.

कलम ४. शिवणयंत्र. सायप्रोझला द्यावे. माझी मोठी कात्री सहा वर्षे तिच्याचकडे आहे, "उद्या देते" म्हणून नेलेली. तीही तिलाच. आता तरी मागायला कोणी येणार नाही.

कलम ५. बँकेतली शिल्लक. माझ्या दफनाला आणि आईच्या डोळ्यांच्या औषधाला. उरले तर लवेंडाच्या शिक्षणाला.

कलम ६. माझे कपडे. दफनानंतर चौथ्या दिवशी आपल्याकडे बायका बसून मेलेल्याचे कपडे वाटून घेतात. बसावे. झाबलोनच्या बायकोने माझ्या हिरव्या शालीवर डोळा ठेवलाच आहे, तिने ती घ्यावी आणि मोकळे व्हावे. पण कोणाचाही एकही कपडा, माझा असो वा आईचा, आईने स्वतः पाहिल्याशिवाय चर्चच्या पोत्यात जाता कामा नये. हे कलम मी सगळ्यांना हात जोडून लिहिते, कारण ही चूक मी केलेली आहे आणि तिची शिक्षा अजून भोगते आहे.

आईकडे तीन पत्र्याच्या पेट्या भरून कपडे आहेत. दान कर म्हटले की ती मान डोलावते. मी पोत्यात चार कपडे घालते, पाणी आणायला जाते, येते तो पोत्यात दोन उरलेले असतात. एकदा तिचा हिरवा स्वेटर मी कसाबसा चर्चला पोचवला. ज्याला मिळाला त्याने तो पुढे विकला असणार, बिचाऱ्याचा काही दोष नाही. तीन महिन्यांनी आईने तोच स्वेटर सायप्रोझच्या ढिगातून उपसून काढला, अर्धा दिवस घासाघीस केली आणि जग जिंकल्यासारखी माझ्याकडे आली. "बघ, अगदी माझ्या त्या स्वेटरसारखा. फक्त ह्याची वीण चांगली आहे." कोपरावरचे ठिगळ मी लावलेले होते. पैसेही मीच दिले. सायप्रोझ तोंडात डोक्याच्या रुमालाचे टोक कोंबून हसत होती.

तर नऊ वर्षांपूर्वी पूर आला आणि चर्चमध्ये कपडे गोळा करायला सुरुवात झाली. आई प्रार्थनेला गेली होती. मी म्हटले हीच वेळ. पेट्या उघडल्या, दोन पोती भरली, तोंडे शिवून टाकली आणि देऊन आले. मधल्या पेटीत, घोंगडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक पांढरट झगा होता, लांब बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणे. न वापरलेला दिसला म्हणून मला उलट आनंद झाला की पूरग्रस्तांना एक तरी चांगला कपडा जाईल.

तो आईने स्वतःच्या दफनासाठी निवडून, धुऊन, इस्त्री करून ठेवलेला होता. तिने मला ते सांगितले होते म्हणे. मी यंत्रावर बसलेली असताना. यंत्र चालू असताना मला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही.

आईला पत्ता लागला तो दीड महिन्याने. चर्चच्या महिला मंडळातली दोरसिला वारली. पुरात तिचे सगळे वाहून गेले होते. आम्ही दफनाला गेलो. शवपेटीला वर काच होती, तिच्यातून तोंड आणि छाती एवढेच दिसायचे. आई वाकली ती वाकलीच. मागे रांग खोळंबली. लोकांना वाटले म्हातारीला उमाळा आला. मी तिच्या दंडाला धरले, तर ती हळूच म्हणाली,

"पोरी, हिच्या गळ्याचं बटण बघ."

"आई, चल."

"बघ म्हणते ना. बाकीची चार भोकांची आहेत. वरचं दोन भोकांचं. ते मी लावलंय."

मी बघितले. दोन भोकांचे होते.

आईने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. घरी आल्यावर स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दोरसिला गेली माझ्या झग्यात. आता मी कशात जाऊ?" मग, "वर भेटली की मागून घेईन म्हणा. पण तिथवर काय घालू?"

तेव्हापासून दर मंगळवार.

नऊ वर्षांत आईने किती झगे नापास केले त्याची गणती नाही. एकाला पाठीवर झिप होती. "कायमचं पाठीवर पडायचंय मला, टोचेल." एकाला खिसा नव्हता. "रुमाल कुठं ठेवू? हातात धरून जाऊ?" एक गुडघ्यापर्यंतच. "तुझ्या वडिलांसमोर अशी उभी राहू, इतक्या वर्षांनी?" एक तर फक्त वास घेऊन परत केला. "ही बाई भांडखोर होती." माझ्या नाकी नऊ आले. मी स्वतः शिवून देते म्हटले, तीनदा म्हटले. चाळीस वर्षे शिवणकाम करते आहे मी, आई. तर म्हणते, "तू शिवलेलं गणवेशासारखं होतं." हे कलमात यायला नको होते, पण आले आहे तर राहू दे.

कलम ७. हे कलम आईला वाचून दाखवू नये. तिचा चष्मा मी आज सकाळी मुद्दाम लपवून ठेवला आहे. तो पिठाच्या डब्यामागे आहे.

गेल्या मंगळवारी सायप्रोझने गासडी कापली आणि वरच एक फिकट निळा झगा निघाला. आईने तो उन्हाकडे धरला. आतून उलटा केला. काखेत वास घेतला. शिवण ओढून पाहिली. लांबी घोट्यापर्यंत. अस्तर आहे. खिसा आहे, एक नाही, दोन. बटणे पुढे, सगळी एकसारखी, चार भोकांची. तिने तो अंगाला लावून धरला. सायप्रोझने श्वास रोखला. मी शेंगदाण्यांकडे बघत होते, म्हणजे तोंडातून "छान आहे" निघायला नको.

आईने झगा घडी करून फळीवर ठेवला आणि म्हणाली, "वरचं बटण सैल आहे."

मी बटण धरून ओढले. दाताने ओढले असते तरी निघाले नसते. मग माझा तोल गेला. "आई, नऊ वर्षं! नऊ वर्षं मी तुझ्यामागे हे स्टूल घेऊन फिरते! हे बटण सैल आहे? मला, मला सांगतेस बटण सैल आहे?" आजूबाजूच्या बायका थांबून बघायला लागल्या. सायप्रोझ म्हणाली, "आजी, घ्या ना, असा पुन्हा येणार नाही."

आईने माझे कोपर धरले. "तू दात काढून ये. मग बघू."

"दाताचा आणि झग्याचा काय संबंध?"

"दात काढायला कोणी तीन रात्रीचे झगे शिवून घेत नाही, पोरी. आणि दात काय पोटात असतो? यंत्रावरून उठताना पोट धरतेस." मग मला स्टूल उचलायला सांगितले. "हा झगा मिळाला की आपलं बाजाराचं काम संपलं. मला इतक्यात संपवायचं नाही. तू परत ये, मग शोधू."

मला तिचा राग आला, अजून आहे. आणि मी रस्ताभर रडले, तेही लिहून ठेवते. घरात मात्र आम्ही दोघी अजून दाताचेच बोलतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी तो झगा घेतला. तो सायप्रोझच्या फळीखाली, निळ्या पिशवीत आहे. मी परत आले नाही तर सायप्रोझने तो पुढच्या गासडीतून निघाल्यासारखा आईसमोर टाकावा. आधी वरचे बटण उसवून सैल करावे, म्हणजे आई खोटी पडणार नाही, आणि तिला ते स्वतः लावू द्यावे. भाव करू द्यावा. तीनदा निघून जाऊ द्यावे. फुकटचा झगा ती घालणार नाही.

मी परत आले तर हे कलम फाडून टाकावे. झगा फळीखालीच राहावा. सायप्रोझ, तुला तो सापडायचा नाही, आणि मलाही नाही.

कलम ८. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मर्जीप्रमाणे आहे. हा कागद आज सोमवारी केला, कारण उद्या मंगळवार आहे आणि मंगळवारी मला कसलाच वेळ नसतो.

ठिकाण: मन्याट्टा, किसुमू
तारीख: ४ ऑगस्ट २०२५

(सही) रिस्पर आवुओर ओगादा

आमच्या समक्ष सही झाली:
१. नाफ्ताली ओमबोक, निवृत्त शिक्षक, शेजारी
२. रोझेलिडा अजवांग, शेजारी

टीप: ओमबोक गुरुजींनी आईला समजावून सांगितले की जिला काही मिळायचे आहे तिला साक्षीदार होता येत नाही. ती म्हणाली, "मग मला काही देऊ नका, सही करू द्या." घराचे कागद आहेत असे सांगून पाहिले, तरी ऐकेना. शेवटी गुरुजींनी हात टेकले. खालची ओळ तिची आहे, चष्म्याशिवाय लिहिलेली, ती कायद्याने धरू नये:

तुर्फेना आलूच. पाहिले. उद्या सातच्या आत, आणि पुढच्या मंगळवारीही.