बोटांच्या फटी

नौबाद, मंगळवार, संध्याकाळ

चहा गार झाला. मन थाऱ्यावर न्हाई.

आज डोळे तपासायच्या ट्रेनिंगला ठाणाकुशनूरची सात वर्षांची पोरगी आली होती. मी म्हणलं, उजवा डोळा हातानं झाक आन् वाच. तिनं तक्ता खालपर्यंत वाचला. मी 'नॉर्मल' लिहिलं. शिकवणाऱ्या मॅडम पुढं आल्या. त्यांनी त्याच डोळ्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. पोरगी रडायली, पट्टी ओढायली. सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसेना. मघाशी ती बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्यानंच वाचत होती.

तिची आई म्हणाली, "अक्का, घरी मला सुई ओवून देती की ही."

"एका डोळ्यानं देती," मॅडम म्हणाल्या. "दुसरा वापराविना आळशी पडायलाय. आत्ता सापडला म्हणून बरं. मोठेपणी सुधारणं लई अवघड."

मागच्या आठवड्यात हळ्ळीखेडच्या शाळेत अख्खा वर्ग मी असाच तपासला. ज्यानं त्यानं आपल्याच हातानं डोळा झाकला. एक पोरगी बोटं फाकवून हसायली होती. मला वाटलं, खेळायली. तिच्या नावापुढं काय लिहिलं मी? नॉर्मलच.

मॅडमना सांगितलं तर सर्टिफिकेट लांबंल. न सांगितलं तर? उद्या बुधवार, हळ्ळीखेडची शाळा चालू आहे, परत जाऊन तपासता येईल.

आत्ता उजव्या डोळ्यावर हात ठेवून डावा मिटून बघितला. बोटं घट्ट धरली होती. तरी फटीतून समोरच्या कॅलेंडरवरचा बुधवार स्वच्छ वाचता आला.