केप वाजल्यावर बार होईपर्यंत

आचरा, ता. मालवण, जि. रत्नागिरी
सोमवार, ता. २४ नोव्हेंबर १९५८

चि. गुरुदास यास,

इनासकाकाचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समजून हे पत्र वाच. तुझं पत्र शनिवारी पोचलं. मुंबईत थंडी पडली असेल तर पायाला जप, तुझे पाय फुटतात.

तुझी आई बरी आहे. काल मी जाऊन आलो. भात कापून झालं, मळणी राहिली, ती सत्यवान आणि वाडीतले लोक मिळून करणार आहेत. तांबडी गाय व्याली, पाडी झाली. जानकीवहिनीनं चीक काढून शेजारी देऊन टाकला, घरात खरवस केला नाही. मी म्हटलं, कर गो, वासराचा काय दोष? तिनं मला बसायला पाट दिला.

तुझी काकी रोझालिना उठते, चूल पेटवते, कोंबड्यांना दाणे टाकते. जेवते की नाही ते मी बघत नाही. तिच्याकडे बघितलं आणि तिनंही बघितलं तर काय करायचं ते मला ठाऊक नाही. काल चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिसा झाली. फादरनी आल्बर्टचं नाव घेतलं तेव्हा मी मान वर करून बघितलं, तो कुठं बसलाय म्हणून. खरं सांगतो. असं दिवसातून चार वेळा होतं.

तुझ्या पत्रात तू तीनदा लिहिलंस, ‘काका, बाबांना क्षमा करा.’ ते पत्र मी खिशात ठेवतो, पुन्हा काढतो. अरे, तू उलट्या बाजूनं क्षमा मागतोस. कसं उलट ते सांगायला बसलोय, पण गाईचं लिहून झालं, भाताचं लिहून झालं, आता मध्ये घालायला काही उरलं नाही.

आधी कामाचं. श्रावणात मी तुला एक कागद पाठवला होता, बंदुकीच्या निपलाचं चित्र काढून मापं घातलेला. शनिवारच्या बोटीनं येशील तेव्हा तो घेऊन ये. फाडला नसशील अशी आशा करतो. तुझा बाप फौजदाराला सांगतो की बंदुकीला कोणी हात लावला नाही, ती वीस वर्षं होती तशीच आहे. तो कागद माझ्या अक्षरातला आहे.

बंदुकीचं तू सगळं जाणतोस. तरी पहिल्यापासून लिहितो. उद्या मालवणला कचेरीत मला हेच सांगायचंय, आणि तिथं साहेबी मराठीत माझी जीभ अडखळेल. तुझ्यापाशी एकदा म्हणून बघतो.

तुझ्या बापाची, परशुरामाची, बंदूक ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, काथ्या भरून गजानं ठासायची, वर छर्रे, परत काथ्या. मागे निपलावर तांब्याची केप बसवायची. घोडा पडला की केप वाजते, तिची ठिणगी निपलाच्या भोकातून आत जाते, दारू पेटते. पण त्याच्या बंदुकीत ठिणगीला आत जाऊन काटकोनात वळावं लागे. निपलाचं भोक झिजून मोठं झालेलं, अर्धी आग मागेच फुसकन निघून जाई. त्यात आपली समुद्राची दमट हवा. म्हणून केप वाजे ‘टक’, मग काहीच नाही, माणसानं आवंढा गिळावा एवढा वेळ, आणि मग ‘धाड’.

गावानं त्यावरून त्याला किती छळलं! आमचा आल्बर्ट सगळ्यात पुढे. कुडाळच्या शाळेतून सुट्टीला आला की विचारायचा, “परशुरामकाका, तुमच्या बंदुकीचो बार होईसर डुकराक नातवंडां होतली मां?” परशुराम हसायचा. मला मात्र लागायचं. तू म्हणशील, बंदूक त्याची, तुला का लागावं? अरे, गावातली शिवणाची मशिनं, भिंतीवरची घड्याळं, देवळातली गॅसबत्ती, सगळं माझ्या हाताखालून जातं. आणि माझ्या जिवलग मित्राच्या खांद्यावर असली तोतरी बंदूक!

म्हणून पावसाळाभर डोकं लावलं. एक जुनी नळी कापून आतून बघितली. आगीची वाट आखूड केली, वळण काढून टाकलं, आतला भाग आरशासारखा घासला. निपल कसा हवा ते तुला लिहिलं: खाली तोंड रुंद, वर निमुळता, भोक सुईएवढं. तू तो मुंबईच्या कारखान्यात इतका सुबक कातून पाठवलास की बोटावर घेऊन मी दिवसभर बघत होतो. तुझ्या कामात तिळाएवढा दोष नव्हता. हे नीट वाच आणि परत वाच. निपल चांगला होता. माझं कामही चांगलं होतं. तेच तर सांगतोय.

दिवाळीनंतर मी आणि तुझा बाप खाडीपलीकडे ओसाड वाळूत गेलो. पाच बार काढले. टक आणि धाड वेगळे राहिलेच नाहीत, एकच आवाज. पाचच्या पाच वेळा. परशुराम बंदुकीकडे बघत राहिला. म्हणाला, “इनास, हिका जीभ फुटली रे!” आम्ही दोघं साठीचे म्हातारे वाळूत नाचलो.

तिथंच मी त्याला म्हटलं, “कोणाक सांगू नको. शिकारीक सगळे जमतले, तेव्हा बघूया एकेकाची तोंडां.” तो म्हणाला, “सांगूक होया मां रे पोरांक?” मी म्हटलं, “गप. मजा जायत.”

हे त्यानं फौजदाराला सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

आता रविवारचं. सोळा तारीख. डोंगरीखालच्या करवंदीच्या जाळीत डुकरं होती, भाताची नासाडी चालली होती. आठ हाकारे वरून हाकत येणार, डुक्कर खाली मोकळ्यात निघणार, तिथं परशुराम. मी बाजूच्या बांधावर उभा, तोंडं बघायला.

आपल्या हाकाऱ्यांची एक सवय तुला ठाऊक आहे. कोणी शिकवलेली नाही, वीस वर्षांत अंगात मुरलेली. परशुरामाची ‘टक’ ऐकली की जो जिथं असेल तिथं भुईला चिकटायचा. धाड होईपर्यंत सगळे आडवे. दुसरी सवय तुझ्या बापाच्या हाताची. त्याला माहीत होतं की बंदूक उशीर लावणार. म्हणून डुक्कर जाळीच्या तोंडाशी दिसलं की तो घोडा पाडायचा, आणि नळी डुकराबरोबर फिरवत मोकळ्यात आणायचा. बार व्हायचा तेव्हा नळीपुढे नुसतं डुक्कर आणि मागे खाडी.

डुक्कर जाळीच्या तोंडाशी आलं. त्याच्या हातानं वीस वर्षं केलं तेच केलं. नळी अजून जाळीकडेच होती.

एकच आवाज झाला.

गुरुदास, मी टाळी वाजवली. बांधावर उभा राहून मोठ्यानं ओरडलो, “शाबास!” मला वाटलं, आता सगळे धावत येतील आणि विचारतील. धावत आलेच. माझ्याकडे कोणी आलं नाही.

हाकाऱ्यांतला सत्यवान आल्बर्टच्या शेजारीच होता. तो मला नंतर म्हणाला, “आमी टकची वाट बघीत होतंव, काका. टक इलीच नाय.” आल्बर्ट डुकराच्या मागोमाग होता. उभा होता. पाणीसुद्धा मागितलं नाही त्यानं.

तेव्हापासून गाव काय काय बोलतं. परशुराम पिऊन होता म्हणतात. ज्यानं जन्मात ताडीचा थेंब घेतला नाही तो! कोणी म्हणतात, म्हाताऱ्याला दिसत नाही. फौजदार म्हणतो, बेफिकिरी. आणि रोझालिना रोज एकच विचारते. भांडी घासता घासता, विहिरीवर, प्रार्थना झाल्यावर. “आल्बर्टाक ती बंदूक म्हायत होती. मगे तो खाली कित्याक बसाक नाय?” माझ्याकडे बघून नाही, असंच हवेत. मी कोंबड्यांना हाकलतो नाहीतर बाहेर जातो.

शुक्रवारी मालवणला जाऊन परशुरामाला भेटलो. दाढी वाढलीय, बाकी ठीक आहे. जामीन राहायला माणसं तयार आहेत, तोच नको म्हणतो. मी म्हटलं, “मी सांगतंय साहेबाक. बंदूक मी बदललंय, लपवूक मी सांगितलंय.” त्यानं गजांतून हात घालून माझा सदरा धरला.

“तू गप रव, इनास. बंदूक माझी, हात माझो.”

“पण खरां...”

“खऱ्याक काय करूचा आसा? रोझाक माझो राग करून जगता येतला. तुझो राग करून ती खंय जातली? एकाच घरात रवता ती तुझ्यावांगडा.”

मी परत आलो. मला ते पटलं, गुरुदास. एस.टी.त बसून मी मनात म्हटलंसुद्धा, मित्र असावा तर असा. घरी आलो तर तुझं पत्र दुसऱ्या दिवशी हजर, ‘बाबांना क्षमा करा.’ तेव्हा लाज वाटली. माझ्या सोयीसाठी एक निर्दोष माणूस आत बसलाय आणि त्याचा मुलगा माझी माफी मागतोय.

पूर्ण निर्दोष नाही म्हणशील. त्याला बदल ठाऊक होता, हात सावरायला हवा होता. हो. पण वीस वर्षांचा हात पाच बारांत सुधारत नाही, हे मशिनं दुरुस्त करणाऱ्याला कळायला हवं होतं. यंत्र बदललं की ते वापरणाऱ्या सगळ्यांना सांगायचं असतं. रुक्मिणी शिंपिणीच्या मशीनचा पट्टा घट्ट केला तरी मी सांगतो, बाय, आता पाय हळू मार. एवढ्याशा पट्ट्याचं सांगतो.

अजून एक राहिलं. ते राहू द्यावं असं वाटत होतं.

त्या रविवारी सकाळी मिसा करून आल्यावर आल्बर्ट माझ्या दुकानात आला. हातात पेजेची वाटी. बाकावरचा लोखंडाचा कीस बोटानं उचलून बघितला, हुंगला. म्हणाला, “बाबा, परशुरामकाकाची बंदूक हंय होती काय? दारूचो वास येता.” मी बाक पुसायला घेतला. “काय केलंस तू तिका?” मी म्हटलं, “जाळीत कळात तुका.” तो हसला. म्हणाला, “तू आणि परशुरामकाका, दोगव पोरांच आसात.” वाटी तिथंच ठेवून गेला.

त्यानं विचारलं होतं, गुरुदास. सरळ विचारलं होतं. एक वाक्य सांगायचं होतं.

मंगळवार सकाळ

काल इथवर लिहून थांबलो. आज सकाळी पाकीट चिकटवायला घेतलं तर रोझालिना दारात उभी. “कोणाक लिवतास एवढां?” तिला वाचता येत नाही. तुझं नाव सांगितलं. म्हणाली, “वाचून दाखवा.”

मी गाईचं वाचलं, भाताचं वाचलं. तिथं थांबता आलं असतं, तिला कळलं नसतं. थांबलो नाही. सगळं वाचलं. ती दाराला टेकून उभी होती. शेवटचा आल्बर्टचा भाग वाचला तेव्हा म्हणाली, “ता परत वाचा.” परत वाचलं. “परत.” तिसऱ्यांदा वाचलं. मग तिनं विचारलं, “हसलो तो?”

“हसलो.”

मला वाटलं आता ती रडेल किंवा मला मारील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “बंदुकीचा कोणाक सांगूचा नाय, ह्यां तुमी दोघांनी ठरवलात. आता रोझाक सांगूचा नाय, ह्यांव तुमी दोघांनीच ठरवलात. माका कोणी इचारलां?”

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर जायचं लुगडं नेसून आली आहे आणि आता ओट्यावर उभी आहे, माझ्याकडे पाठ करून. म्हणते, “उठा. साहेबाक सांगताना मी आयकतलंय. परशुरामाकव भेटतलंय.” भेटून काय बोलणार ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बंदुकीच्या कामाचा परवाना माझ्याकडे नाही, तेव्हा मला कदाचित ठेवून घेतील. तसं झालं तर शनिवारी धक्क्यावर मी नसेन. घाबरू नको. सरळ तुझ्या आईकडे जा, आणि तिला गाईचा खरवस करायला सांग.

कचेरीत पूर्ण नावानं सही करावी लागेल. काका म्हणून सही करायचा धीर आज होत नाही, म्हणून इथंही तशीच करतो.

इनास पास्कू फर्नांडिस
आल्बर्टचा बाप. बंदूक मी दुरुस्त केली.